सोळा डाव आणि ‘सातत्य’ नावाचा शब्द

(थेरगाव येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



आज आम्ही एका शब्दाची उलटतपासणी घेणार आहोत. हा शब्द क्रीडा पानावर रोज छापून येतो, निवड समितीच्या बैठकीनंतर हमखास ऐकू येतो, आणि इथे थेरगावात मैदानाच्या जाळीबाहेर उभ्या असलेल्या पालकांच्या तोंडी तर तो तासातासाला येतो. ‘पोरात गुणवत्ता आहे हो, पण सातत्य नाही.’ या एका वाक्यानं किती मुलांचं किट माळ्यावर गेलं असेल, त्याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही.

आमचा आयुष्यभराचा उद्योग शब्द तपासण्याचा. क्रिकेट आम्ही प्रेक्षकांतूनच पाहिलं. पण ‘सातत्य नाही’ हे विधान क्रिकेटचं कमी आणि तर्कशास्त्राचं जास्त आहे, म्हणून त्यावर बोलण्याचा थोडा अधिकार आम्ही स्वतःकडे घेतो. आणि उदाहरणासाठी लांब जायची गरज नाही. थेरगावच्या वेंगसरकर अकादमीत घडलेला, सांगवीचा ऋतुराज गायकवाड आपल्या सगळ्यांना घरच्यासारखा ठाऊक आहे. त्याचे आकडे जाहीर आहेत. तेच घेऊ.

२०२० सालचा आयपीएलचा मोसम. कोविडमुळे स्पर्धा अमिरातीत. चेन्नईकडून ऋतुराजला सहा सामने मिळाले. त्याच्या धावा क्रमानं सांगतो: ०, ५, ०, नाबाद ६५, ७२, नाबाद ६२. एकूण २०४. दोनदा नाबाद, म्हणजे बाद चारदा, म्हणून सरासरी ५१.

आता गंमत पाहा. या सहा डावांत ५१च्या आसपासचा एकही डाव नाही. पाचाच्या वर थेट बासष्ट. सरासरी ज्या जागेवर उभी आहे, तिथे तो फलंदाज एकदाही गेलेला नाही. पहिले तीन डाव पाहणाऱ्यानं म्हणावं, याला जमत नाही. नंतरचे तीन पाहणाऱ्यानं म्हणावं, याच्याइतका भरवशाचा कोणी नाही. दोघांच्या हातात पुरावा सारखाच, तीन-तीन डावांचा. मधल्या काळात माणूस बदलला होता का? पहिल्या दोन सामन्यांनंतर त्याला बाहेर बसवलं गेलं. तो परत आला तेव्हा चेन्नईचा तो मोसम जवळजवळ हातचा गेलेला होता. तिसऱ्या संधीतही शून्य. संघ प्लेऑफच्या ऐन शर्यतीत असता तर त्या शून्यानंतर चौथी संधी मिळाली असती का, हा प्रश्न प्रत्येकानं स्वतःला विचारून बघावा.

आता व्याख्येकडे येऊ. आपल्या न्यायशास्त्रात लक्षणाचे, म्हणजे व्याख्येचे, तीन दोष सांगितलेत: अव्याप्ती, अतिव्याप्ती आणि असंभव. गायीची व्याख्या ‘कपिल रंगाची ती गाय’ अशी केली तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती. ‘शिंगं असलेली ती गाय’ म्हटलं तर म्हैसही आत येते, ही अतिव्याप्ती. ‘एका खुराची ती गाय’ म्हटलं तर एकही गाय सापडत नाही, हा असंभव. ‘सातत्य’ या शब्दाला ही तिन्ही कुलपं लावून बघा.

कोणी म्हणेल, धावांमधला चढउतार कमी असणं म्हणजे सातत्य. ठीक. मग प्रत्येक डावात ८, ९, ७, १०, ८ अशा धावा करणारा फलंदाज जगातला सर्वांत सातत्यपूर्ण ठरतो. त्याला कोणी संघात घेईल? ही अतिव्याप्ती. दुसरा म्हणेल, नाही नाही, सरासरी मोठी हवी. मग आत्ताच पाहिलेले ०, ५, ० घेऊनही ५१ची सरासरी सातत्यात बसते आणि ‘सातत्य’ या शब्दाला वेगळं कामच उरत नाही. सरळ सरासरी म्हणा. तिसरा, आणि हा सगळ्यात जास्त ऐकू येतो, म्हणेल: प्रत्येक वेळी निदान तीस-चाळीस तरी करायला हव्यात. हा असंभव. असा फलंदाज झालेलाच नाही. डॉन ब्रॅडमन कसोटीत ८० डाव खेळले, सरासरी ९९.९४. त्यांनी २९ शतकं आणि १३ अर्धशतकं केली. म्हणजे ८० पैकी ३८ वेळा ते पन्नासपर्यंत पोचले नाहीत आणि सात वेळा शून्यावर बाद झाले. ब्रॅडमनना जे लक्षण लागू पडत नाही, ते आपण चौदा वर्षांच्या मुलाला लावतो.

आता मुख्य पुरावा. २०२१चा आयपीएल मोसम. ऋतुराजनं त्या वर्षी सर्वाधिक धावा केल्या, ६३५, आणि ऑरेंज कॅप मिळवली. फाफ ड्यू प्लेसी दोन धावांनी मागे राहिला. चेन्नईनं स्पर्धा जिंकली. सर्वांनी ‘सातत्यपूर्ण मोसम’ म्हणून कौतुक केलं. ते सोळा डाव आम्ही लहानापासून मोठ्यापर्यंत लावून सांगतो. लिहून घ्यायचे तर घ्या: ४, ५, ५, १०, १२, १३, ३२, ३३, ३८, ४०, ४५, ६४, ७०, ७५, नाबाद ८८, नाबाद १०१.

मोसमाची सुरुवात ५, ५, १० अशी झाली होती, हे विसरू नका.

६३५ला सोळानं भागलं तर दर डावाला सुमारे ४० धावा. नाबाद डाव वगळून बाद होण्यांनी भागलं तर ४५.३६. आणि अगदी मधोमध उभे राहिलात, आठ डाव खाली आणि आठ वर, तर ३५ किंवा ३६. एकाच मोसमाची ही तीन ‘सर्वसाधारण’ उत्तरं. तिन्ही खरी आहेत. पसारा किती, ते प्रमाण विचलनानं मोजतात. ते येतं सुमारे ३१. म्हणजे सरासरी चाळीसची आणि तिच्याभोवतीचा पसारा एकतीसचा! कारखान्यात असा जॉब निघाला तर क्यूसीवाला मशीन बंद करायला लावेल.

पण थांबा. इथे आम्हाला एक जुनी गोष्ट मदतीला येते. १९४५ साली इंग्लंडमध्ये जी. एच. वुड आणि डब्ल्यू. पी. एल्डरटन या दोघांनी फलंदाजांच्या धावसंख्यांची मांडणी तपासली. प्रश्न साधा होता: या धावा भूमिती श्रेढीनं ओसरतात का? समजा फलंदाजाची बाद होण्याची शक्यता सतत सारखीच आहे. पहिल्या धावेआधी जेवढी, तेवढीच पन्नासाव्या धावेआधी. चाळीसच्या सरासरीसाठी दर धावेला ही शक्यता ४१मध्ये १ येते. जणू प्रत्येक धावेआधी एकेचाळीस बाजूंचा फासा पडतो आणि एक बाजू आली की तंबूत परत. हा फलंदाज यंत्रासारखा आहे. त्याचा मूड बदलत नाही, तंत्र बिघडत नाही, तो कधी घाबरत नाही. आता सांगा, याच्या धावा कशा येतील? सारख्या? मुळीच नाही. या मांडणीत पसारा जवळजवळ सरासरीएवढाच निघतो. चाळीसची सरासरी, चाळीसचा पसारा. ऋतुराजचा एकतीस होता. विसाव्या षटकाला डाव संपतो, दोनदा तो नाबाद राहिला, त्यामुळे वरची टोकं कापली गेली, हे खरं. तरीसुद्धा.

पुढे जाऊ. या फाशावरच्या फलंदाजाला २०च्या आत बाद होण्याची शक्यता ३९ टक्के. सोळा डावांत म्हणजे साधारण सहा वेळा. ऋतुराज किती वेळा वीसच्या आत राहिला? मोजा. सहा. पन्नास किंवा जास्त करण्याची शक्यता २९ टक्के, सोळा डावांत साधारण पाच वेळा. ऋतुराजनं किती वेळा केल्या? पाच.

एवढं तंतोतंत जुळणं हा अर्थात थोडा योगायोगच. सोळा डावांवर सिद्धान्त उभा राहत नाही, आणि मांडणीत उणिवाही आहेत. शून्यावर बाद होण्याचं प्रमाण प्रत्यक्षात फाशापेक्षा बरंच जास्त असतं, कारण नजर बसेपर्यंत फलंदाज कच्चा असतो. पण आमच्या मुद्द्याला एवढं पुरे. ज्या चढउताराला आपण ‘सातत्याचा अभाव’ म्हणतो, तो बराचसा त्या माणसात नसून त्या कामाच्या स्वरूपातच आहे.

कामाचं स्वरूप म्हणजे काय? फलंदाजी हे असं काम आहे की पहिल्या चुकीला ते संपतं. सुतार एक खिळा वाकडा मारतो, उपटतो, दुसरा मारतो. गवई एक सूर चुकवतो आणि समेवर येईपर्यंत सावरून घेतो. फलंदाजाला ही सवलत नाही. म्हणून त्याचा डाव म्हणजे त्याच्या कौशल्याची सरासरी नसून पहिली चूक किती उशिरा झाली याची नोंद असते.

तुलनेसाठी अमेरिकेतला फुटबॉल घ्या. आपल्याकडचा पायांनी खेळायचा नव्हे, तो अंडाकृती चेंडूचा. आपली पुष्कळ मुलं तिकडे आहेत, त्यांच्या घरी रविवारी टीव्हीवर हाच चालू असतो. त्यात क्वार्टरबॅक नावाचा खेळाडू चेंडू पुढे फेकतो. एका सामन्यात तो साधारण तीस-पस्तीस वेळा फेकतो. एखादी फेक फसली, अगदी प्रतिस्पर्ध्याच्या हातात गेली, तरी थोड्या वेळानं तो पुन्हा मैदानात येतो. म्हणजे त्याच्या एका सामन्यातच बऱ्यावाईटाची सरासरी होते. त्याच्या आकड्यात तरी सामन्यागणिक स्थिरता असावी, असं आपल्याला वाटेल.

तशी ती नसते, आणि कारण मोजण्याच्या सूत्रातही आहे. १९७३ पासून तिथल्या लीगमध्ये पासर रेटिंग नावाचं एक सूत्र वापरतात. फेकी किती टक्के पकडल्या गेल्या, दर फेकीला किती यार्ड मिळाले, किती टक्के फेकींवर टचडाउन झाले, किती टक्के प्रतिस्पर्ध्यानं पळवल्या, अशा चार गोष्टी मिळून शून्यापासून १५८.३ पर्यंत गुण. हा १५८.३ आकडा कोणाला कशासाठी सुचला असेल, असं ऐकणाऱ्याला वाटतं. चारही गोष्टींना वरची मर्यादा घालून बेरजेला सहानं भागल्यामुळे तो असा विचित्र निघतो. आता गणित करा. तीस फेकींपैकी एक प्रतिस्पर्ध्यानं पळवली की गुण सुमारे १४नं उतरतात. एक टचडाउन वाढला की सुमारे ११नं चढतात. आणि ती पळवलेली फेक कदाचित अगदी नेमकी होती, आपल्याच गड्याच्या हातातून उडाली आणि दुसऱ्यानं झेलली. सूत्र ते विचारत नाही. दोष फेकणाऱ्याच्या खात्यात. म्हणजे ११ माणसांच्या कामाचा निकाल एका माणसाच्या नावावर लिहायचा आणि मग दर रविवारी विचारायचं, याच्यात सातत्य का नाही?

तेव्हा आमची तक्रार आकड्यांवर नाही. आकडा बिचारा जे घडलं ते सांगतो. तक्रार आकड्यावरून थेट माणसाच्या स्वभावावर उडी मारण्यावर आहे.

ही उडी पिंपरी-चिंचवडमध्ये तरी मारली जाऊ नये, असं आम्हाला वाटतं. कारण इथल्या शॉप फ्लोअरवर जे शिकवलं जातं ते नेमकं याच्या उलट आहे. १९२४ साली वॉल्टर शूहार्ट या अमेरिकी अभियंत्यानं कंट्रोल चार्ट मांडला. तुमच्यापैकी किती जणांनी तो भरला असेल! त्याचं म्हणणं असं: प्रत्येक प्रक्रियेत काही चढउतार अंगचाच असतो, त्याला सामान्य कारणं. आणि काही चढउतार बाहेरून येतो: टूल झिजलं, मटेरियल बदललं, नवा माणूस आला. ही विशेष कारणं. पहिल्या प्रकारच्या चढउताराला विशेष कारण समजून हात लावलात तर तुम्ही बिघाड वाढवता. डेमिंग हे नरसाळ्याच्या प्रयोगानं दाखवत असत. स्थिर चाललेल्या मशीनवर प्रत्येक जॉब मोजून, जेवढा फरक आला तेवढा ऑफसेट उलट्या बाजूला द्यायचा असं ऑपरेटरनं ठरवलं, तर पसारा कमी न होता सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो. सेटिंगला हात न लावणारा आळशी ऑपरेटर चांगला माल काढतो, आणि दर जॉबला काळजीनं ऑफसेट बदलणारा रिजेक्शन वाढवतो.

आता जाळीबाहेर या. मुलगा दोनवर बाद झाला. संध्याकाळी वडील म्हणतात, पाय पुढे जात नव्हता. पुढच्या सामन्यात तो सातवर पायचीत. आता काका म्हणतात, पाय फार पुढे जातोय. मग ग्रिप बदला, मग बॅट बदला, मग अकादमी बदला. दिवसभर कंपनीत कंट्रोल चार्ट भरणारा माणूस संध्याकाळी पोराचा ऑफसेट दर डावाला फिरवतो. (हशा) हसू नका, तुमच्यातलेच आहेत.

ज्यांच्या नावानं इथली अकादमी आहे त्यांचंच उदाहरण घ्या. दिलीप वेंगसरकर आणि लॉर्ड्स हे समीकरण आपल्याला पाठ आहे. लागोपाठ तीन दौऱ्यांत तीन शतकं. पण त्यांचे लॉर्ड्सवरचे सगळे आठ कसोटी डाव कोणी सांगत नाही. १९७९ मध्ये ० आणि १०३. १९८२ मध्ये २ आणि १५७. १९८६ मध्ये नाबाद १२६ आणि ३३. १९९० मध्ये ५२ आणि ३५. एकूण ५०८ धावा, सरासरी ७२.५७. लॉर्ड्सच्या या सम्राटाची त्या मैदानावरची पहिली दोन शतकं शून्याच्या आणि दोनाच्या पाठीवर आलेली आहेत. दुसरा डाव हा कसोटीचा नियम आहे, कोणाची कृपा नव्हे. म्हणूनच तो मिळाला. वीस षटकांच्या सामन्यात आणि मुलांच्या एकदिवशीय स्पर्धांत दुसरा डाव नसतो, ही गोष्ट आम्हाला फार मोठी वाटते.

१९८७ मध्ये कसोटीपटूंना हजारापैकी गुण देण्याची पद्धत सुरू झाली. टेड डेक्स्टर यांची कल्पना. तीच पुढे आयसीसीची झाली. त्या दशकाच्या अखेरीस वेंगसरकर या यादीत पहिल्या क्रमांकावर होते. ही पद्धत त्यातल्या त्यात शहाणी. ती जुने डाव विसरत नाही, फक्त त्यांचं वजन हळूहळू कमी करते, आणि प्रतिस्पर्धी कोण होता तेही बघते. तिचा गैरवापर होतो तो गुण सोडून क्रमांक वाचल्यामुळे. चौथा सातवर घसरला अशी बातमी होते. गुणांत किती फरक पडला, ते कोणी छापत नाही.

आता आमच्यावर येणारा आक्षेप. मग फॉर्म वगैरे काही नसतोच का? सगळा फासाच? तसं आम्ही म्हणत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये विजय हजारे स्पर्धेत, राजकोटला, ऋतुराजचे पाच डाव असे होते: १३६, नाबाद १५४, १२४, २१, १६८. एकूण ६०३, सरासरी १५०.७५. साठच्या सरासरीचा फलंदाज धरला तरी १२०च्या पुढे जाण्याची शक्यता सातात एक. ती पाचांत चारदा येणं फाशाच्या हिशोबात बसत नाही. इथे काहीतरी विशेष कारण होतं: खेळपट्ट्या, देशांतर्गत गोलंदाजी, आणि हो, त्या आठवड्यात त्याला चेंडू फुटबॉलएवढा दिसत असणार. शूहार्टही हेच म्हणतो, रेषेबाहेरचा बिंदू आला की कारण शोधा. फक्त रेषा आधी आखा. आणि जाता जाता: त्या पाचांतले चार सामने जिंकूनही महाराष्ट्र बाद फेरीत पोचला नाही. पुढच्या वर्षी त्यानं उपांत्यपूर्व फेरीत नाबाद २२०, उपांत्य फेरीत १६८ आणि अंतिम सामन्यात १०८ केल्या, तरी चषक सौराष्ट्रानं नेला. यापेक्षा जास्त सातत्य आणायचं कुठून?

आणि तरीही वरच्या पातळीवर हिशोब वेगळाच चालतो. जुलै २०२४ मध्ये झिंबाब्वेत भारताकडून टी-२० मालिकेत त्यानं ७, नाबाद ७७ आणि ४९ केल्या. लगेच पुढच्या श्रीलंका दौऱ्याच्या संघात त्याचं नाव नव्हतं. सलामीच्या जागा दोन आणि दावेदार पाच-सहा, हे आम्हाला कळतं. कोणाला तरी बाहेर राहावंच लागतं. निवड समितीनं ‘जागा नाही’ म्हणावं, ते प्रामाणिक आहे. चर्चेत मात्र त्याची जागा चटकन ‘सातत्य’ घेतो, कारण तो शब्द दोष खेळाडूकडे सरकवतो.

ऋतुराजचं एक वेळ ठीक आहे, त्याला सोळा डाव मिळाले. आमची काळजी तीन डाववाल्यांची आहे. तो फाशावरचा फलंदाज पुन्हा घ्या, कधीही न बिघडणारा. चौदा सामन्यांच्या मोसमात त्याला सलग तीन डाव आपल्या सरासरीच्या निम्म्याच्याही आत बाद होण्याची वेळ येईल का? गणित सांगतं, शंभरपैकी सुमारे ४१ फलंदाजांना येईल. काहीही बिघडलेलं नसताना. त्यांतल्या ज्यांचे ते तीन डाव मोसमाच्या सुरुवातीलाच आले, त्यांना चौथा मिळत नाही. ज्यांचे शेवटी आले, त्यांच्याबद्दल आपण म्हणतो, दमला असेल. मुलं तीच, क्रम वेगळा.

मागून प्रश्न आला आहे की मग निवडणाऱ्यानं बघायचं काय आणि संधी द्यायच्या किती. बघायचं ते असं: धावा एकदाच लिहिल्या जातात, चेंडू मात्र तीस-चाळीस असतात. त्यांतले किती बॅटच्या मधोमध आले, किती चुकले, किती कडेला लागून वाचले, ही नोंद ठेवली तर फलंदाजालाही क्वार्टरबॅकसारखी एका डावात तीस-चाळीस मोजमापं मिळतात. बाराच धावांत बाद झालेला मुलगा त्यात चांगला दिसू शकतो आणि तीन झेल सुटून साठ केलेला कच्चा. ही वही लिहायला एक पेन्सिल आणि जाळीबाहेरचा एक पालक पुरतो. नाहीतरी ते उभेच असतात.

संधींचा आकडा विचारलात तर, त्याच एकतीसच्या पसाऱ्यानं तीन डावांच्या सरासरीत अठरा धावांची चूक सहज असते. चाळीसचा फलंदाज बावीसचा दिसू शकतो, अठ्ठावन्नचाही दिसू शकतो. दहा डाव दिलेत तर ती चूक दहावर येते. म्हणून आम्ही दहा म्हणू. चौदा वर्षांखालच्या मुलाला इथे वर्षाकाठी दहा स्पर्धात्मक डाव मिळतात का, ते समोर बसलेल्या प्रशिक्षकांनी सांगावं. माइक त्यांच्याकडे द्या.